जीवनसत्त्वांचा घरगुती हिशेब: आधी बाजार, मग गच्ची, शेवटी औषधाचं दुकान

सासूबाईंच्या उशाशी गोळ्यांचा स्टीलचा डबा असतो. दोन वर्षांपूर्वी त्यात व्हिटॅमिन डीच्या पुड्या आल्या, साठ हजार युनिटच्या, दुधात ढवळून घ्यायच्या. चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'आठवड्यातून एकदा' लिहिलं होतं. दुकानातल्या पोराने पिशवी हातात देताना 'रोज एक' सांगितलं आणि सासूबाईंनी चिठ्ठीपेक्षा पोरावर विश्वास ठेवला. पुड्या संपल्या की त्या शेजारच्या मुलाकडून आणखी मागवायच्या. आम्हाला पत्ता नाही. दीड महिन्याने जेवण तुटलं, मळमळ सुरू झाली, पोट साफ होईना, रात्रीतून पाच वेळा लघवीला उठणं. आम्हाला वाटलं उन्हाळा बाधला. रक्त तपासलं तर कॅल्शियम भलतंच वर. चार दिवस सलाईन, आणि नंतर कितीतरी आठवडे दूध-पनीर बंद.

तेव्हापासून मी या विषयात नाक खुपसायला लागले. मी डॉक्टर नाही. पण घरातल्या सहा माणसांचं खाणं, ऊन आणि गोळ्या यांचा हिशेब ठेवता ठेवता एक गोष्ट पक्की कळली. एकूण तेरा जीवनसत्त्वांपैकी आपल्याकडच्या शाकाहारी, घरात बसणाऱ्या माणसाला गोळीची खरी गरज पडते ती बहुधा दोनांसाठी, बी-१२ आणि डी. बाकीच्यांचं काम बाजाराची पिशवी आणि कढई भागवते. म्हणून खालच्या पायऱ्यांत औषधाचं दुकान सगळ्यात शेवटी आहे.

पहिली पायरी: सात दिवसांची वही

जुनी वही घ्या आणि आठवडाभर फक्त पाच गोष्टी लिहा. पालेभाजी किती वेळा झाली. न शिजवलेलं फळ किंवा कोशिंबीर किती वेळा. दूध, दही, ताक, अंडं, मटण, मासे यांपैकी काय आणि किती. अंगावर ऊन किती मिनिटं. आणि चहा जेवणाच्या किती आधी किंवा नंतर. 'साधारण' लिहू नका, त्या दिवशी जे झालं तेच लिहा.

आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात पालेभाजी दोनदा निघाली, तीही पालक-पनीरच्या रूपाने. फळ तीनदा. उन्हाच्या रकान्यात यजमानांच्या नावापुढे सातही दिवस शून्य. गाडी घरातून निघते, ऑफिसच्या तळघरात थांबते. लेकीचं ऊन पाहिलं तर कॉलेजला जाताना रोज वीस मिनिटं, पण डोक्यापासून बोटांपर्यंत ओढणी, स्टोल आणि हातमोजे. नागपुरात दुचाकीवरच्या मुलींचे फक्त डोळे दिसतात, तेही गॉगलमागे. ते ऊन गाडीला लागतं, तिला नाही.

दुसरी पायरी: पिशवीत काय

गोकुळपेठेच्या बाजारात माझी एक ठरलेली मावशी आहे. तिच्या टोपलीपुढे उभं राहिलं की ती विचारते, "ताई, सांबार टाकू काय?" आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या सुनेला सांगावं लागतं. ती मूठभर सांबार आणि वर गोडलिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, दोन काड्या फुकट टाकते. व्हिटॅमिन ए-चा कच्चा माल म्हणजे बीटा कॅरोटीन, ते या फुकटच्या वस्तूंत भरपूर आहे. पण आपण सांबार चिमूटभर पेरतो आणि गोडलिंब ताटाच्या कडेला काढून ठेवतो. सांबारवडी करणारी माणसं मात्र एका बैठकीत जुडीच्या जुडी पोटात घालतात. मी गोडलिंब सावलीत वाळवून जवसाच्या चटणीत कुटून टाकते, म्हणजे कोणाला निवडून काढता येत नाही.

पिशवीचा माझा नियम रंगाचा आहे. एक गडद हिरवं: मेथी, पालक, अंबाडी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात चिवळ. एक केशरी किंवा पिवळं: कोहळं (म्हणजे लाल भोपळा), गाजर, पपई. एक आंबट, कच्चं खाण्याजोगं: लिंबू, आवळा, पेरू, संत्री. हे तिन्ही दर दोन दिवसांनी घरात आले की ए, सी, फोलेट (बी गटातलंच एक) आणि के यांची चिंता बरीचशी मिटते. ई शेंगदाणे, करडईचं आणि सूर्यफुलाचं तेल यांतून मिळतं, त्याची कमतरता निरोगी माणसात क्वचित दिसते. तरी त्वचा चमकवण्याच्या नावाखाली त्याच्या कॅप्सूल सर्रास विकल्या जातात.

संत्र्याबद्दल जरा बोलू, नागपूरकर आहे म्हटल्यावर सुटका नाही. आपल्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, काटोल-नरखेड-वरुडचा माल वर्षातून दोन बहारांत येतो, आंबिया हिवाळ्याच्या तोंडावर आणि मृग साधारण फेब्रुवारीनंतर. प्रौढ माणसाला दिवसाला व्हिटॅमिन सी लागतं ६५ ते ८० मिलिग्रॅम. दोन मध्यम संत्री खाल्ली की ते जवळपास होतं. पण सीच्या शर्यतीत संत्रं पहिलं नाही, हे ऐकून इथे लोक नाराज होतात. पेरूत वजनाला वजन संत्र्याच्या चौपट तरी सी असतं आणि आवळा त्याहूनही पुढे. संत्र्याचा हंगाम संपला की वीस रुपयांच्या पेरूंवर काम चालतं. रस काढून फ्रीजमध्ये ठेवू नका, सोलून फोडी खा.

तिसरी पायरी: विळीपासून ताटापर्यंत

जीवनसत्त्वांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि इथली दुरुस्ती फुकट आहे. सी आणि बी गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. ए, डी, ई, के तेलातुपात. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तर पुढचं आपोआप सुचतं.

भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात भिजत ठेवलेल्या मेथीतलं सी आणि फोलेट सिंकमध्ये जातं. आदल्या रात्री चिरून ठेवू नका. जमतच नसेल तर निवडून ठेवा, चिरा सकाळी. झाकण ठेवून, थोड्या पाण्यात, कमी वेळ शिजवा आणि उरलेलं पाणी वरणात घाला. हरभरे लवकर शिजावेत म्हणून खायचा सोडा टाकतात, तो थायमिन म्हणजे बी-१ ची वाट लावतो. रात्री भिजवा आणि कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्या.

तांदूळ चार पाण्यांनी चोळून धुणं आणि वर पेज ओतून देणं, यात बी-१ दुहेरी जातं. डच डॉक्टर आयकमान यांनी जावात पाहिलं होतं की पॉलिश केलेल्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या पुन्हा उभ्या राहतात. त्या शोधाला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. आपण भंडारा-गोंदियाचा तांदूळ खाणारी माणसं, पण सोबत तूरडाळ आणि पोळी असल्याने वाचतो. उसना म्हणजे उकडा तांदूळ या बाबतीत चांगला, कारण उकडताना कोंड्यातलं बी-१ आत दाण्यात शिरतं.

पालेभाजी आणि गाजर-कोहळ्याला तेलाची फोडणी हवीच. बिनतेलाची कोशिंबीर खाऊन कॅरोटीन अंगी लागत नाही, त्याला थोडं तरी स्निग्ध लागतं. फार नको, चमचाभर पुरे. गोळाभातावर ओततो तेवढं गरम तेल मी सुचवत नाहीये, तो वेगळा आनंद आहे.

मुगा-मटकीला मोड आणा. कोरड्या कडधान्यात सी नावापुरतं असतं, मोड येताना ते तयार होतं. फक्त ते मोड अर्धा तास उकळू नका, शेवटी वाफ द्या आणि लिंबू पिळा.

आता तर्री-पोहे. सकाळी टपरीवर एक प्लेट पाहा: पोहे, वर हरभऱ्याची लाल तर्री, कच्चा कांदा, सांबार आणि कडेला लिंबाची फोड. पोह्यांत आणि हरभऱ्यात लोह आहे, पण वनस्पतीतलं लोह शरीर सहज घेत नाही. लिंबातलं सी ते घ्यायला मदत करतं. म्हणजे ती फोड शोभेची नाही, पूर्ण पिळायची. आणि मग आपण काय करतो? प्लेट खाली ठेवली की लगेच कटिंग चहा. चहातलं टॅनिन तेच लोह अडवतं. लिंबाने दिलेलं चहाने काढून घेतलं. तासाभराने प्या. आमच्या यजमानांनी हे ऐकून मला "पोहे सोडतो, चहा नाही" असं सांगितलं होतं. आता ते चहा आधी पिऊन घेतात आणि पोहे नंतर, ऑफिसला निघताना. अर्धं तरी जमलं.

फोलेटचा शोध आपल्या राज्यातला आहे म्हणून सांगते. ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायांना एक विशिष्ट पंडुरोग व्हायचा, लोह देऊन न हटणारा. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे तिने दाखवलं. पुढे तो घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून त्याचं नाव पडलं. म्हणून मूल व्हावं असं ठरवलेल्या मुलीने आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करायचं असतं. बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते, तेव्हा पुष्कळदा दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. बी-१२ आणि डी सोडून गोळी हवीच असा हा तिसरा प्रसंग.

चौथी पायरी: ऊन

पंचेचाळीस अंशांच्या शहरात डी कमी कसं, असं प्रत्येक जण विचारतो. डी उष्णतेने बनत नाही, अतिनील-बी किरण उघड्या त्वचेवर पडले की बनतं. खिडकीच्या काचेतून ते किरण जवळजवळ येतच नाहीत. दिवाणखान्यात काचेमागे पेपर वाचत घेतलेलं ऊन म्हणजे नुसता शेक. आणि पहाटेचं कोवळं ऊन, ज्याची सगळे शिफारस करतात, ते डीसाठी फारसं कामाचं नाही. सूर्य खाली असला की ते किरण वातावरणातच अडतात.

घड्याळापेक्षा सावली पाहा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर डी चांगलं बनतं. मे महिन्यात नागपुरात सावली सकाळी साडेनऊलाच आखूड होते, मग गच्चीवर कुरड्या-पापड घालायला गेलात की तेवढ्यात काम झालं. मेच्या शेवटच्या आठवड्यात एके दुपारी तर सावली पायाखालीच येते. डिसेंबरात मात्र भर दुपारी सव्वाबारालासुद्धा सावली जवळपास उंचीएवढीच असते, म्हणून थंडीत ऊन घ्यायचं ते अकरा ते दीडच्या मधलंच. तेव्हा ते सुखाचंही असतं.

हात कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत उघडे, आठवड्यातून तीन-चार दिवस, हिवाळ्यात अर्धा तास आणि उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटं. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, म्हाताऱ्या त्वचेला त्याहून जास्त. मे महिन्यात बाराच्या उन्हात डीसाठी बसायला जाऊ नका, ऊन लागून मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी रुग्णालयात, भरती व्हाल.

खाण्यातून डी फार थोडं मिळतं. दुधाच्या पिशवीवर आणि तेलाच्या डब्यावर निळं '+एफ' चिन्ह शोधा. त्यात ए आणि डी मिसळलेलं असतं, तेवढीच भर.

पाचवी पायरी: बी-१२, जिथे भाजीवाली मदत करू शकत नाही

हे जीवनसत्त्व झाडं बनवत नाहीत, जीवाणू बनवतात आणि ते आपल्यापर्यंत प्राण्यांमार्फत येतं. मटण, कलेजी, मासे, अंडी, दूध, दही. मोड आलेल्या कडधान्यांत बी-१२ येतं ही ऐकीव गोष्ट खोटी आहे. स्पिरुलिनातलं बी-१२ बहुतांशी शरीराला न वापरता येणाऱ्या रूपात असतं. रविवारी सावजी खाणाऱ्या घरात ही अडचण सहसा येत नाही, मात्र त्या रश्श्याच्या तेलाची वेगळी अडचण येते.

शाकाहारी माणसाने हिशेब असा करावा: रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, अर्धा लिटर दुधात साधारण दोन. म्हणजे चहातलं दूध मोजून भागत नाही. सासूबाईंच्या वहीत 'दूध: दोन वेळा' होतं. मी कप मोजले तर दोन्ही चहा मिळून पाव कप निघालं.

लक्षणं सावकाश येतात, कारण यकृतात बी-१२ चा साठा वर्षानुवर्षं पुरतो. तळपायांना मुंग्या, चालताना जमीन कापसासारखी लागणं, जीभ लाल आणि गुळगुळीत, नावं न आठवणं. सासूबाई म्हणायच्या, "पायात कोणी सुया टोचून राहिलं बाई." आम्ही ते वयावर ढकललं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणारे आणि ॲसिडिटीच्या गोळ्या रोज खाणारे यांचं बी-१२ जास्त घसरतं, मग ते मटण खाणारे असले तरी. अशा घरात वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी.

एक धोका लक्षात ठेवा. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं आणि सगळं ठीक वाटतं, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

सहावी पायरी: तपासणी, पण थोडी

सवलतीच्या 'फुल बॉडी' पॅकेजचे फोन सगळ्यांना येतात. त्यातली निम्मी आकडेवारी पाहून काही करायचं नसतं. थकवा, मुंग्या, हाडं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि साधारणपणे हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, बी-१२, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, थायरॉइड आणि साखर एवढ्याची गोष्ट करा. डी २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमी धरतात, बी-१२ दोनशे पिकोग्रॅमच्या खाली. मधला आकडा आला तर लक्षणं पाहून डॉक्टर ठरवतील. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

आणि प्रत्येक थकवा व्हिटॅमिनचा नसतो. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. लहानपणापासून वारंवार सांधे दुखतात, डोळे पिवळे होतात, हिमोग्लोबिन वर येत नाही, अशा मुलाला टॉनिक पाजत बसू नका, सिकलसेलची चाचणी करा. निदान झालेल्यांना डॉक्टर बहुधा फॉलिक ॲसिड देतात, पण लोहाच्या गोळ्या त्यांनी स्वतःच्या मनाने घ्यायच्या नसतात.

तसंच खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. तिखट खाल्लं की तोंडाची आग होते म्हणून कित्येक पोरं बी-कॉम्प्लेक्सच्या पट्ट्या चघळतात. गालाचं आतलं कातडं पांढरट, ताठर झालंय आणि तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, तर ते खर्ऱ्याने होणारं फायब्रोसिस असू शकतं. कर्करोगाच्या वाटेवरची ही अवस्था आहे. दातांच्या सरकारी दवाखान्यात त्याच आठवड्यात जा.

सातवी पायरी: गोळी घ्यायचीच असेल तर

डी भरपेट, तूप-तेल असलेल्या जेवणानंतर. लोहाची गोळी दूध, चहा आणि कॅल्शियमपासून दोन तास दूर, लिंबूपाण्यासोबत चालेल. बी-कॉम्प्लेक्सनंतर लघवी गर्द पिवळी होते, ते रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ बाहेर पडतंय, घाबरू नका. उपयोग किती झाला, ते मात्र त्यावरून कळत नाही. सीच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज चघळू नका, जास्तीचं सी शरीर बाहेर टाकतं आणि त्यातलं काही ऑक्झलेट होऊन मूतखड्याला हातभार लावतं. नागपूरच्या उन्हाळ्यात आधीच अंगातलं पाणी आटतं, खडे व्हायला तेवढं पुरतं.

गरोदरपणी ए-च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या नकोत, वारंवार कलेजीही नको. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी सोडू नये आणि अचानक वाढवूही नये. के-चं प्रमाण रोज सारखं ठेवणं महत्त्वाचं. अंगणवाडीत बाळाला ए-चा डोस मिळतो, नवव्या महिन्यात एक लाख युनिट, मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख. तो चुकवू नका आणि कार्डावर लिहून घ्या, म्हणजे दुसरीकडे पुन्हा दिला जाणार नाही. लोहाच्या गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा, त्या चॉकलेटसारख्या दिसतात आणि लहान मुलाला जीवघेण्या ठरतात.

चिठ्ठीवरचं प्रमाण दुकानातून निघण्याआधी मोठ्याने वाचून घ्या: किती युनिट, रोज की आठवड्याला, किती आठवडे. कोर्स संपला की स्वतःच पुढे चालू ठेवू नका, तीन महिन्यांनी पुन्हा तपासून विचारा.

सासूबाईंची डीची पुडी वर्षभराने, कमी मात्रेत, पुन्हा सुरू झाली. प्रत्येक पुडीवर मी काळ्या मार्करने तारीख घालते आणि एका वेळी एकच पुडी डब्यात ठेवते, बाकीच्या माझ्या कपाटात. परवा त्यांनी डबा उघडला, तारीख वाचली आणि मला हाक मारली, "आज शनिवार हाय ना व? मग उद्याची."